माप खोटी केली

तुम्ही एका माणसाला खोटारडा ठरवलंत. तेही त्याच्याच हातच्या तीन शब्दांवरून, आणि ते तीन शब्द तुमच्यापैकी एकालाही वाचता येत नव्हते. टेबलाच्या पलीकडे तुम्ही तिघं मॅनेजर चौकशीला बसला होतात. पुढ्यात थंड पाण्याच्या बाटल्या, डोक्यावर अठरा डिग्रीचा वारा. शॉपमधला, म्हणजे मशीनं चालतात त्या शेडमधला, एसी बंद करायचा हुकूम ज्या खोलीतून निघाला, तीच ही खोली. तिथेच बसून तुम्ही मुख्तारला विचारलंत, माल बिघडला कसा?

मुख्तार सोलकर सतरा वर्षं आखातातल्या तुमच्या हिद्दच्या कारखान्यात, धातू कापणाऱ्या मोठ्या सीएनसी मिलिंग मशीनवर उभा आहे. माणूस दापोलीकडचा, शिकला मराठी शाळेत, पुढे रत्नागिरीच्या आयटीआयमधून मशिनिस्ट होऊन निघाला. कटर बोथट व्हायला लागला की मॉनिटरवर आकडा यायच्या आधी तो आवाज मुख्तारच्या दाढेत लागतो. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलवर पंजा ठेवून तो सांगतो, बेअरिंगचे दिवस भरले. आणि सांगितल्यावर बेअरिंग महिन्याच्या आतच जातं. हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा ग्राहक कारखाना बघायला येतो तेव्हा तुम्ही त्याला मुख्तारच्याच मशीनपाशी नेता.

त्याच्या खिशात एक वही असते. शंभर पानी, जिदहफ्सच्या बाजारातली, कडा कटर गार ठेवणाऱ्या कूलंटनं पिवळ्या पडलेल्या. अशा बावीस वह्या घरी आहेत, ही तेविसावी. कुठल्या जॉबला कुठला कटर, किती वेगानं, कुठे दगा झाला, सगळं मराठीत. आयटीआयचे बाळाजी सर म्हणायचे, "ड्रॉइंग साहेबाच्या भाषेत वाच रे, पण केलेली गोष्ट आपल्या भाषेत लिही. निस्तरायची तुलाच आहे." मुख्तारनं ते आयुष्यभर पाळलं. त्या वहीनंच त्याचा घात केला.

ऑगस्टमधला गुरुवार. दुपारी एकला छतावरचा घरघराट थांबला आणि मशीनचे आवाज एकदम मोठे वाटायला लागले. दारावर नोटीस होती: ऊर्जा बचत, शॉपचा एसी रविवार सकाळपर्यंत बंद. ऑफिसची बाजू चालूच. तीन वाजेपर्यंत भिंतीवरचा काटा एकोणचाळीसवर गेला.

मुख्तारच्या मशीनवर ॲल्युमिनियमचे ब्लॉक होते, अकरा नग. प्रत्येकात दोन भोकं, दोन्हींमधलं अंतर चारशे मिलिमीटर. तीन शतांश इकडे की तिकडे, एवढीच माफी. धातू तापला की फुगतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पुढचं मशिनिस्टला माहीत असतं. मोजायचं साधन पोलादाचं, तेही फुगतं, पण ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. म्हणजे गरम शॉपमध्ये गरम ब्लॉक मोजलात तर आकडा झकास येतो. तोच ब्लॉक ग्राहकाच्या वीस डिग्रीच्या खोलीत गेला की आठ शतांश आखडतो. डोक्याच्या केसाएवढं. त्या केसापायी शाफ्ट आत जात नाही.

म्हणून मुख्तारनं अकराही ब्लॉकची भोकं अर्धा मिलिमीटर लहान ठेवून मशीन थांबवलं. शेवटचा हात, ज्याला तो 'माप देणं' म्हणतो, तेवढा बाकी ठेवला.

सलील साहेब काचेच्या केबिनमधून खाली आला. पुण्याचा, बत्तीस-तेहतीसचा, प्रॉडक्शन इंजिनिअर. चार वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी मुख्तारचं मराठी ऐकून त्याचा हात धरला होता त्यानं. म्हणाला होता, "इथे कुणीतरी माझ्या भाषेत शिव्या देणारं भेटलं!" सुरमई कुठे ताजी मिळते ते मुख्तारनंच त्याला दाखवलं.

"मुख्तारभाई, मशीन का थांबलंय?"

"माल तापलाय, साहेब. हात लावून बघा."

"ऑफसेट टाकू की. फुगण्याचा फरक मी कॅल्क्युलेट करून देतो."

"कशाच्या भरवशावर? ब्लॉक वरून चाळीस, खालून पस्तीस. टेबल वेगळं तापलंय, स्पिंडल वेगळा. तुमचं गणित कागदावर बसेल, ब्लॉकात नाय बसायचं."

"कंटेनर रविवारी बंदरात पाहिजे हो."

"शनिवारी सकाळी एसी लावा. माल गार होऊ द्या. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा मापाला आणून देतो, माझी सुट्टी गेली तरी चालेल."

"वीकेंडला एसीची परमिशन मिळत नाही. विचारून झालंय."

"मग मी नाय देणार माप. खलास."

सलील हसला. "तुम्ही मशीनला बायकोसारखं जपता, मुख्तारभाई."

"बायको तरी ऐकून घेते, साहेब. ॲल्युमिनियम कुणाच्या बापाचं ऐकत नाय."

सलील पुन्हा हसला, पण घड्याळाकडे बघत. मुख्तारनं ब्लॉकवर कापड टाकलं, हात पुसले आणि वही काढून लिहिलं:

'गुरुवार. एसी बंद. शॉप ३९. माप खोटी केली. सलील साहेबांना सांगितलं.'

आता खोटी म्हणजे काय, ते समजून घ्या. वाटेत दरड कोसळली की एसटी खोटी होते. दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात माणूस दिवसभर खोटी होतो. थांबणं, खोळंबणं, अडकून पडणं. कोकणात हा शब्द दूधपित्या पोरालाही कळतो. मुख्तारनं माप थांबवून ठेवलं. गार होईपर्यंत खोटी केली. एवढंच त्यानं लिहिलं होतं.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सलीलनं झुबेरला ओव्हरटाइमला बोलावलं. झुबेर श्रीवर्धनचा, दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. त्याला सांगितलं, "सेटिंग मुख्तारभाईंचंच आहे, तू फक्त बटण दाब." एसी बंदच. जॉब कार्ड मुख्तारच्या नंबरवर उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. तपासनिसानं गरम ब्लॉक गरम खोलीत मोजले. आकडे झकास. शिक्के बसले आणि कंटेनर वेळेवर बंदरात पोचला.

तीन आठवड्यांनी अकराही ब्लॉक परत आले. सोबत ग्राहकाचा रिपोर्ट. आठ शतांश कमी, कुठे नऊ.

झुबेरनं चहाच्या सुट्टीत मुख्तारला गाठलं. चेहरा पांढरा पडलेला. "भाई, बटण मी दाबलाय. मला साहेबानी सांगितला म्हणून."

"तर मग चल. आत जाऊन एवढंच सांग."

"माझा व्हिसा पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय, भाई."

मुख्तारनं त्याच्याकडे बघितलं आणि कप ठेवून दिला. झुबेरला बोल लावावा असं त्याला वाटलंही नाही. आणि त्याला कसली भीती होती? त्याच्या खिशात वही होती. तारीख, वार, तापमान, सगळं टिपलेलं. चौकशीला बोलावलं तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि कुणी मागायच्या आत स्वतःच्या हातानं ती वही तुमच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, एव्हरीथिंग इज हिअर."

तुम्ही ती उलटीसुलटी केलीत. मधल्यानं विचारलं, ही कुठली भाषा? आणि अख्ख्या कारखान्यात मराठी वाचणारा दुसरा माणूस एकच होता. झुबेर उर्दू शाळेतला. केरळचे, नेपाळचे, फिलिपिन्सचे गडी तर सोडाच. तुम्ही सलीलला बोलावलंत. ज्याच्याविरुद्ध कागद, त्यालाच तो कागद वाचायला दिलात. आणि एकाही डोक्यात प्रश्न उठला नाही.

सलीलनं वही हातात घेतली. वाचायला लागला, एकेक शब्द उचलत, बरेच दिवस मराठी न वाचलेला माणूस वाचतो तसा. "थर्सडे. एसी ऑफ. शॉप टेम्परेचर थर्टी-नाइन." मुख्तार मान हलवत होता. "देन ही सेज..." सलील थांबला. "ही सेज, फॉल्सिफाइड द मेझरमेंट्स."

मुख्तारला वाटलं, आपल्या कानात काहीतरी झालं.

इथवर ती चूक होती. इंग्रजी शाळेत वाढलेला माणूस, पुण्यातल्या पुण्यात, एसटीत कधी खोटी न झालेला. मापं खोटी केली, असं त्यानं खरंच वाचलं असेल. मुख्तार इथवर माफ करायला तयार आहे. पण सलीलची नजर पुढच्या ओळीवर गेली. तिथे त्याचं स्वतःचं नाव होतं. मुख्तारनं ती नजर जाताना पाहिली, नावावर अडताना पाहिली. मग सलीलनं वही मिटली.

"दॅट्स ऑल," तो म्हणाला.

"साहेब!" मुख्तार उभा राहिला. "साहेब, पुढचं वाचा की. आणि खोटी म्हणजे खोटं नव्हे! खोटी म्हणजे थांबवली!" तो तुमच्याकडे वळला. "सर, नॉट लाय. खोटी मीन्स वेट. आय वेट. फॉर कोल्ड."

तुमच्यापैकी डावीकडचा हसला. हसू लपवायला त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, पण मुख्तारला दिसलं. मधला म्हणाला, तुमच्या भाषेत खोटं आणि थांबणं याला एकच शब्द आहे का? सोयीची भाषा आहे.

"सलील साहेब, तुम्ही सांगा ना यांना."

सलीलनं टेबलाकडे बघत इंग्रजीत सांगितलं की एखाद्या बोलीत तसा काही अर्थ असू शकेल, त्याला कल्पना नाही.

मुख्तारनं मग शेवटचा प्रयत्न केला, आणि मराठीच्या मास्तरानं शिकवलेलं व्याकरण तेव्हा पहिल्यांदा त्याच्या कामाला आलं. "साहेब, मी 'माप' लिहिलंय. 'केली' जोडलंय ते खोटीला, खोळंबा केला तशी खोटी केली. एक माप खोटं पाडलं असतं तर 'माप खोटं केलं' असं लिहिलं असतं. 'मापं खोटी केली' म्हणायचं तर प वर टिंब पाहिजे. कुठे आहे टिंब?"

एव्हाना तुम्ही त्या पानाची फोटोकॉपी काढून वही पाकिटात घातली होती. सलीलनं ती फोटोकॉपी पुढे सरकवली. प वर टिंब होतं.

टिंब नव्हतं ते. कूलंटचा शिंतोडा होता. वहीच्या प्रत्येक पानावर तसे दहा-वीस आहेत, तपकिरी, तेलकट, बोटाला लागणारे. तुमच्या मशीननं तो काळा करून दिला. मुख्तार म्हणाला, मूळ वही उघडा, दिव्यापुढे धरा. तुम्ही म्हणालात, वही आता पुरावा आहे, सीलबंद झाली. शतांशाच्या मापासाठी ज्याला सतरा वर्षं कामावर ठेवलंत, त्यानं एक डाग बघा म्हटलं तर तुम्हाला पाकीट फोडवेना.

आणि मग त्या फोटोकॉपीसोबत एक कागद दिलात. त्यावर लिहिलं होतं की ऑपरेटरनं मोजमापात फेरफार केल्याचं मान्य केलं आहे. सही केली तर चांगलं अनुभवपत्र आणि दुसरीकडे काम शोधायला मोकळीक. नाही केली तर गैरवर्तन म्हणून बडतर्फ, आणि तसं पत्रात लिहिणार. रविवारपर्यंत मुदत.

जिदहफ्सच्या दोन खोल्यांच्या घरात त्या संध्याकाळी मुख्तारनं जेवणाला हात लावला नाही. फोटोकॉपी आणि तो कागद टेबलावर पडले होते. नाझिश, त्याची लेक, दहावीत. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते, वाचता येत नाही. तिनं फोन उघडून त्या ओळीवर धरला.

स्क्रीनकडे तिनं दोनदा बघितलं. मग बापाकडे. "अब्बा... इट सेज यू फॉल्सिफाइड द मेझरमेंट्स." आणि जरा थांबून, हळू आवाजात, "डिड यू?"

तुम्ही खोटारडा म्हणालात तेव्हा मुख्तारचा आवाज चढला होता. लेकीपुढे तो चढेना. सतरा वर्षं ज्या हातांवर त्यानं घर उभं केलं, त्या हातांकडे ती संशयानं बघत होती, आणि तो संशयही तिला एका मशीननं दिला होता.

त्याची बायको रशीदा स्वयंपाकघरातून आली. "काय म्हणते ही?"

"म्हणते, मी मापं खोटी पाडली."

रशीदानं फोटोकॉपी उचलली, ओठ हलवत वाचली. "माप खोटी केली. मग? थांबलात ना तुमी?" ती लेकीकडे वळली. "माझ्या लग्नात ह्यांच्या वऱ्हाडाची गाडी खेडला चार तास खोटी झाली होती. म्हणजे काय गाडी लबाड होती काय गो? तुझा फोन कधी गेला होता खेडला?"

नाझिशला हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात तिचे डोळे भरले. "सॉरी अब्बा," ती म्हणाली. मुख्तारनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग रशीदा खुर्चीवर बसली. "हे सगळा खरा. पण नाझिशची दहावी मार्चमध्ये हाय. तुमाला काढला तर आपला व्हिसा गेला. वरसाच्या मधी कुठल्या शाळेत टाकायची हिला?"

"म्हणजे सही करू?"

"मी कुठे म्हटला करा?"

"मग काय करू, सांग."

"मना काय विचारता?" ती चिडली. "मी काय वकील हाय? घाई करू नका, एवढाच सांगते. सही जरा खोटी करा."

नाझिशनं डोळे पुसता पुसता वर बघितलं. "मम्मी! फोर्ज?"

"मेला तुझा फोर्ज. थांबवून ठेवा म्हणते मी."

मुख्तारनं मान वर केली. बायकोकडे बघत राहिला. मशीनमध्ये कटर धातूला पहिल्यांदा टेकतो तो आवाज त्याला नेमका माहीत आहे. तसंच काहीतरी त्याच्या डोक्यात टेकलं.

"पुन्हा बोल," तो म्हणाला.

"काय पुन्हा बोल?"

"आत्ता काय म्हणालीस, ते."

रविवारी सकाळी तो पुन्हा तुमच्या खोलीत आला. तोच इस्त्रीचा शर्ट. तुम्ही तिघं, आणि बाजूला सलील, कारण मुख्तारचं म्हणणं समजून घ्यायला माणूस हवा, असा तुमचा नियम. कोपऱ्यातल्या कपाटावर वहीचं सीलबंद पाकीट. शॉपचा एसी चालू होता. ब्लॉक परत आल्यापासून तो एकदाही बंद झालेला नाही. त्याबद्दल नोटीस मात्र लागली नाही.

मधल्यानं पेन पुढे केलं. मुख्तारनं ते घेतलं नाही, स्वतःचं काढलं. घरून आणलेला कागद पुढ्यात उलगडला, आणि जिथे सही करायची तिथे सावकाश, ठसठशीत अक्षरात तीन शब्द लिहिले. मग कागद फिरवून तुमच्यापुढे ठेवला.

मधला बघत राहिला. ही सही आहे का, त्यानं विचारलं.

"मराठी आहे, सर. मिस्टर सलील विल रीड."

कागद सलीलपुढे गेला. त्यानं वाचला. यावेळी शब्द उचलत नाही, एका दमात. आणि त्याचा चेहरा मुख्तारला एकदम लहान पोरासारखा दिसला.

कागदावर होतं: 'सही खोटी केली.'

"वाचा, साहेब," मुख्तार म्हणाला. "त्या दिवशी वाचलंत तसंच वाचा. इंग्रजीत सांगा यांना."

सलीलनं कागद परत टेबलावर ठेवला.

"खोटी म्हणजे फॉल्स ना? मग सांगा की मुख्तार सोलकरनं यांच्या डोळ्यांदेखत, यांच्याच टेबलावर, स्वतःचीच सही बनावट केली. सांगा. पोलिसांना बोलवतील. मी बसतो इथे." त्यानं खुर्ची ओढली. "आणि जर मी सही थांबवून ठेवलीय, आत्ता देत नाय, असा अर्थ असेल, तर तोही सांगा. मग वहीतल्या खोटीचा अर्थ काय, तोही ओघानं सांगायला लागेल. मग पुढची ओळही. ज्यात तुमचं नाव आहे ती."

डावीकडचा इंग्रजीत म्हणाला, हा काय म्हणतोय? उजवीकडचा म्हणाला, नक्की काय लिहिलंय यानं?

सलीलनं कपाळावरचा घाम पुसला. अठरा डिग्रीत. "मुख्तारभाई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "माझंही घर आहे इथे. बायकोचे दिवस भरत आलेत. एसीचं मी वर विचारलं होतं, हेच नाही म्हणाले..."

"हे मला मराठीत कशाला सांगता? मला माहीत आहे. यांना सांगा. यांच्या भाषेत."

तुम्ही एकमेकांकडे बघितलंत, कागदाकडे बघितलंत, सलीलकडे बघितलंत. मुख्तारकडे कुणीच नाही. तो उठला, कोपऱ्यातलं पाकीट उचलून आणलं आणि कागदाशेजारी ठेवलं. सीलला हात लावला नाही. ते फोडायचं काम तुमचं आहे.

"एका माणसाला विचारतोय असं समजू नका, सर," तो म्हणाला, आणि हे त्यानं तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हटलं, म्हणजे तुम्हा तिघांनाही कळेल. "चौघांना विचारतोय. एसी कुणी बंद केला, ते विचारत नाही. बटण कुणी दाबलं, तेही नाही. एका शब्दाचा अर्थ विचारतोय." मग तो सलीलकडे वळला, आणि मराठीत आला.

"बोला, साहेब. आत्ता, यांच्यापुढे. मी सही खोटी केली, म्हणजे मी काय केलं?"